हातावरचा विंचू

आमच्या थोरल्या जाऊबाईंना लोणावळ्याच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा भातं निसवायला, लोंब्या बाहेर पडायला लागली होती. चार दिवस ताप, पोटात पेजसुद्धा ठरत नव्हती. तिच्या मुलाने, माझ्या पुतण्याने, भाजे गावाहून रिक्षा केली आणि तिला चादरीत गुंडाळून घेऊन आला. दवाखाना छोटाच, दहा-बारा खाटांचा, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. म्हणून दिवसा मी बसायचं आणि रात्री पुतण्याने, असं ठरलं.

आधी आम्हा दोघींचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही सख्ख्या जावा. ती माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणते, ती मला धाकले म्हणते. आता माझे केस पांढरे होऊन, दात जाऊन कवळी आली, तरी मी धाकलीच. माझे मालक रेल्वेत रुळावर कामाला होते, त्यामुळे लग्नानंतर सात-आठ वर्षांत आम्ही लोणावळ्याला आलो आणि इथलेच झालो. मी लोकांचे डबे करत राहिले. ती भाज्यातच राहिली. जमीन तिने ओढली, सासू-सासऱ्यांचं तिने केलं. उन्हापावसात तिचा वर्ण इतका रापला की लग्नातली गव्हाळ मुलगी हीच, असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

तर तिला लघवीचा संसर्ग झाला होता आणि तो रक्तात उतरायला लागला होता. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की गोळ्या पोटात ठरत नाहीत, औषध शिरेतूनच द्यायला हवं आणि उशीर चालणार नाही. पहिल्या दिवशी उजव्या हाताला सलाइन लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तो हात कोपरापर्यंत फुगलेला, काळानिळा. सुई काढावी लागली. मग डावा हात. तिथे शीरच सापडेना. अंगातलं पाणी आटलं की शिरा आत दडी मारून बसतात म्हणे. दोन ठिकाणी टोचून झालं, काडीचाही उपयोग नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत शीर मिळाली तर ठीक, नाहीतर पुण्याला हलवा, तिथे मानेतून नळी घालतील. त्या हळूच बोलल्या, पण मान हा शब्द बाईने ऐकला.

ती काही ओरडली नाही. डावा हात पांघरुणात ओढून घेतला, वरून पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मानंबिनंला काय हात लावायचा न्हाई. मला भाज्याला सोडा."

मी समजावलं. पुतण्याने समजावलं. तो बिचारा साठीला आलेला माणूस, आईच्या पायांशी उभा राहून लहान मुलासारखा विनवत होता. ती बोलेचना. मी तिला ओळखते. ती एकदा गप्प झाली की तिचं मन तिथेच गोठतं. शेवटी पुतण्या बाहेर गेला, एक गाडी पुण्यासाठी विचारून ठेवायला आणि एक घरासाठी. कुठली लागेल, त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. आणि घरी नेलं तर काय होईल, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुपारी दोनच्या सुमाराला तिथली सिस्टर एक मशीन घेऊन आली. ही मुलगी परंदवडीची, पंचविशीची असेल, रोज स्कूटीवर येते. मशीन म्हणजे स्टँडला लावलेली जाडजूड बॅटरीच म्हणा. मालकांकडे रुळावर असायची तसली, पण हिचं तोंड खाली. दवाखान्याने नुकतंच घेतलं होतं. व्हेन फाइंडर, ती म्हणाली. शिरा दाखवतं.

"आजी, याला टोचायचं नसतं काही. नुसता उजेड आहे. एकदा हात द्या."

कसाबसा हात बाहेर आला. त्यावर हिरवा चौकोनी उजेड पडला आणि त्या उजेडात काळ्या रेघा उठल्या. मी चष्मा पुसून परत लावला. त्या वाळलेल्या, करपलेल्या हातावर एरवी काही म्हणता काही दिसत नव्हतं आणि इथे रेघाच रेघा. सिस्टरचा चेहरा उजळला. मनगटाच्या वर चांगली दोन बोटं लांब अशी एक सरळ रेघ होती. तिने पट्टा बांधला, कापसाने पुसलं आणि त्या रेघेत सुई घातली.

रक्त आलं नाही. तिने सुई जराशी सरकवली. तरी नाही. बाईच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ घट्ट मिटले, पण आवाज नाही. सिस्टरने सुई काढून कापूस दाबला आणि हात परत पांघरुणात गेला. या वेळी तिने पांघरुणाचा काठ मुठीत धरला.

"मावशी, रेघ दिसत होती हो मला," सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

रेघ मलाही दिसली होती. पण मला आणखी एक दिसलं होतं, आणि ते मनातून जाईना. त्या सरळ रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक तिरप्या रेघा होत्या. डावीकडे एक, उजवीकडे एक, परत डावीकडे एक. शिरा अशा मोजून मापून फुटतात होय? असं तर आपण काढतो. रांगोळीत काढतो, भिंतीवर काढतो.

मशीन चालूच होतं, उजेड रिकाम्या गादीवर पडला होता. मी माझी बाही वर केली आणि माझा डावा हात त्याखाली धरला.

माझ्या हातावर नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर हिरवट डाग दिसतो, शेवाळ धरल्यासारखा. नातवंडं विचारतात, आजी हे काय लागलं. त्या उजेडात मात्र तो डाग फुटून स्वच्छ झाला. मनगटापाशी ठिपक्यांची ओळ. तिच्या वर तुळस, तिच्या खोडाला दोन्हीकडे पानं. त्याच्या वर, कोपराच्या खाली, विंचू. त्याचे पुढचे दोन आकडे, चिमट्यासारखे, मग पोट, आणि कोपराच्या घडीकडे वळलेली नांगी. परवा काढल्यासारखं सगळं. आणि त्याच्या आजूबाजूने, तिसरंच काहीतरी असल्यासारख्या, माझ्या शिरा वाकड्यातिकड्या गेलेल्या.

"अगं, ही शीर नाही. ही तुळस आहे," मी म्हणाले. "आमच्या दोघींच्या हातावर एकच गोंदण आहे."

सिस्टर बघतच राहिली. तिच्या वयाच्या मुलींना टॅटू माहीत. ते आडवे आलेच तर डोळ्यांना दिसतात, मग तिथे कुणी सुई घालत नाही. पण हातावर असूनही डोळ्यांना न दिसणारं गोंदण तिने बघितलंच नव्हतं. बाईच्या हातावरचं तर साठ वर्षांच्या उन्हाने पार गिळून टाकलेलं. नुसतं बघून कुणी म्हणालं नसतं की इथे कधी सुई फिरली होती.

तिने मग मला ते मशीन नीट समजावून सांगितलं. मी विचारतच राहिले, त्यामुळे सांगावंच लागलं तिला. मला विचारायची खोड आहे. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं असं विचारूनच शिकले. ती म्हणाली, हा हिरवा उजेड काही शोधत नाही, तो नुसता आपल्याला चित्र दाखवायला आहे. काम करणारा उजेड वेगळाच. तो तांबड्याच्या जरा पलीकडचा, माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. तो कातडीच्या आत थोडासा शिरतो. मांसातून उलटून परत येतो, पण शिरेतलं रक्त त्याला शोषून घेतं. जिथून परत आला नाही, तिथे मशीन काळी रेघ काढतं. बाईच्या बोटाला लावलेल्या चिमट्याकडे तिने बोट केलं. त्यातसुद्धा तोच. एक तांबडा उजेड दिसणारा आणि एक हा न दिसणारा, बोटातून आरपार जातात आणि रक्तात प्राणवायू किती ते सांगतात. टीव्हीच्या रिमोटमध्येही तोच, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितला तर दिसतो. आणि उन्हात तर भरपूर असतो म्हणाली. म्हणजे लावणी, बेणणी, कापणी, बाईने जन्मभर त्या उजेडात केली आणि तो तिच्या हातात शिरून शिरून परत गेला.

"पण गोंदण कसं दिसलं त्याला?" ती स्वतःलाच विचारत होती. "मावशी, कशाने गोंदायचे तुमच्याकडे?"

काजळीने. दिव्यावर पालथी वाटी धरून धरलेली काजळी, त्यात कसल्याशा पाल्याचा रस. घालताना काळीभोर असते, कातडीत बसली की हिरवी दिसते. काजळीही तो उजेड पिऊन टाकत असणार, रक्तासारखीच. मशीनला दोन्ही सारखंच. त्याला काय माहीत, कुठली रेघ वाहते आणि कुठली बसून आहे.

आता मला हुरूप आला. मला हे गोंदण पाठ आहे, मी म्हणाले. तू बाईचा हात परत धर मशीनखाली, मी एकेक रेघ सांगते. जे गोंदणात नाही, ती शीर.

पण हात द्यायचा कुणी? मी पलंगाच्या काठावर बसले आणि म्हटलं, बाई, सुई नाही, नुसतं बघायचंय. ती काही बोलली नाही. सिस्टर शहाणी. तिने सुयांचा ट्रे उचलला आणि पार पलीकडच्या खिडकीत नेऊन ठेवला, बाईला दिसेल असा. बाईने तो तिथे ठेवलेला बघितला. मग हळूच मूठ सुटली.

उजेडाखाली परत रेघा उठल्या. टोचलेल्या जागी काळे धब्बे होते, मुका मारही तसाच दिसतो म्हणे त्यात. एका बाजूला तिचा हात, शेजारी माझा. मी सांगत गेले आणि सांगता सांगता तो दिवसच डोळ्यांपुढे आला. माझं लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते. गावात गोंदणारी आली. सासूबाईंनी दोन्ही सुनांना अंगणात बसवलं आणि सांगितलं, दोघींच्या हातावर एकसारखं काढ, कुठेही गेल्या तरी एका घरच्या कळल्या पाहिजेत. डाव्याच हातावर काढ म्हणाल्या, उजवा सकाळी कामाला लागतो. आमच्या सासूबाई तशा होत्या, दुखणंसुद्धा कामाच्या हिशेबाने द्यायच्या.

"हे ठिपके. ही तुळस, ही तिची पानं. हे विंचवाचे आकडे. हे पोट. आणि ही वर वळून गेलेली रेघ ती नांगी."

सिस्टर माझ्या हातावर बघायची, तिच्या हातावर बघायची आणि मान हलवायची. शेवटी म्हणाली, "मग मावशी, शिल्लक काहीच राहिलं नाही. शीर नाहीच इथे."

मलाही तेच दिसत होतं. इतका वेळ फुशारकीने सांगत होते, आणि सांगून सांगून मीच सगळ्या वाटा बंद करून बसले होते. सिस्टरने मशीनचं बटण शोधायला हात पुढे केला. तेवढ्यात पुतण्या दारात आला, गाडी मिळाली म्हणाला. कुठली ते मी विचारलं नाही.

आणि भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई बोलली.

"माझ्या इच्चवाला नांगी कुटं हाय?"

सिस्टरने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

"नांगी तुझ्या इच्चवाला हाय, धाकले. मी न्हाई का उटून पळाले? तूच हसत हुतीस खिदीखिदी."

आणि मग आठवलं, असं सगळं एकदम आठवलं की माझे कानच तापले. गोंदणारीने विंचवाचं पोट भरलं होतं आणि बाईने हात ओढून घेतला होता. काजळीची वाटी लवंडली होती. ती उठून गोठ्यामागे पळाली आणि परत बसली नाही, सासूबाईंनी कितीही बोलावलं तरी. मग मी बसले, पुरा विंचू गोंदून घेतला, डोळ्यांतून पाण्याचा टिपूस काढला नाही आणि त्या दिवसापासून तिला लांड्या विंचवावरून चिडवायला लागले. पाणवठ्यावर, लावणीत, जिथे चार बायका असतील तिथे. आमच्या जाऊबाईंचा विंचू लांडा. लोणावळ्याला जाईपर्यंत चिडवत होते. आणि मग विसरले. इतकी विसरले की दोघींचं एकसारखं आहे, असं सिस्टरला छातीठोक सांगून बसले. हसणारीच्या लक्षात राहिलं नाही, जिला हसले तिच्या लक्षात होतं.

सिस्टर हळूच वाकली. त्या वळलेल्या रेघेवर तिने बोट दाबलं. रेघ नाहीशी झाली. बोट उचललं, रेघ खालून भरत परत आली. मग तिने तुळशीवर बोट दाबलं. तुळस होती तशीच राहिली.

"शीर आहे," ती म्हणाली, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखी, "दाबून बघायला शिकवलं होतं आम्हाला. मशीनने दाखवलं म्हणून मी दाबलं नाही. मग मावशींनी सांगितलं म्हणून दाबलं नाही."

मशीनला विचारून झालं होतं, मला विचारून झालं होतं. ज्या बाईचा हात, तिला आम्ही विचारलंच नव्हतं.

आता सुईचा ट्रे खिडकीत होता आणि तो आणायची कुणाची छाती होईना. सिस्टर माझ्याकडे बघते, मी पुतण्याकडे. बाईनेच मान फिरवली.

"बगत काय बसलीस? आन ती सुई. माझं मन फिरायच्या आत घाल."

सिस्टरने एकदाच टोचलं. नळीच्या तोंडाशी लाल थेंब आला. औषध चढायला लागलं. पुतण्या बाहेर जाऊन गाडीवाल्याला नको म्हणून सांगून आला आणि येऊन आईच्या पायांवर पांघरूण सारखं करत उगाच उभा राहिला.

पाचच्या सुमाराला तो चहाला खाली गेला. बाई जागी होती. सलाइनचे थेंब मोजल्यासारखी वर बघत होती. मी म्हटलं, बाई, मी तुला लई चिडवलं गं त्या विंचवावरून. ती म्हणाली, व्हय. एवढंच. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात तिने दाराकडे बघितलं, पुतण्या नाही ना ते पाहिलं.

"मी भ्याले न्हवते. त्या रसाच्या वासानं मळमळाय लागलं हुतं. ह्यो हुता पोटात. सांगायची सोय न्हवती, सासूबाईला म्हयन्यानं कळलं."

म्हणजे गोठ्यामागे ती ओकायला गेली होती. पहिलं पोट, वय सतरा-अठरा, घरात सांगायला कुणी नाही. होते ती मी, आणि मी अंगणात बसून हसत होते.

"मग मला का नाही सांगितलंस कधी?" मी विचारलं.

"तू लय खूश असायचीस चिडवताना."

मी तिचे पाय दाबत बसले. पुतण्या चहा घेऊन वर आला आणि आम्ही दोघी का गप्प आहोत, म्हणून विचारायला लागला. काही नाही रे, म्हटलं.

त्या रात्री घरी येऊन मी सिस्टरने सांगितलेलं करून बघितलं. टीव्हीचा रिमोट घेतला आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. डोळ्यांनी बघितलं तर त्या बारक्या काचेत काही नाही. मोबाइलच्या पडद्यावर बघितलं तर तिथे जांभळट दिवा पेटतोय, विझतोय. इतकी वर्षं रोज तो माझ्या हातातून सुटत होता आणि मला पत्ता नव्हता. मी कितीतरी वेळ दाबत बसले. समोर टीव्ही चालू-बंद होत राहिला. शेजारीण भिंतीवर थाप मारून विचारायला लागली, बरी आहेस ना.

चौथ्या दिवशी ताप उतरला, सहाव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. पुतण्या औषधं आणायला गेला होता. मी तिला साडी नेसवली, वेणी घातली. सिस्टर हातातली सुई काढायला आली, तेव्हा बाई म्हणाली, "ते तुझं मशीन आन की गं. एकदा दाव."

सिस्टर हसली आणि स्टँड ओढत घेऊन आली. बाईने स्वतःहून हात पुढे केला. हिरव्या उजेडात ठिपके उठले, तुळस उठली, विंचू उठला. साठ वर्षांनी ती ते बघत होती. पोटाशी संपलेला विंचू आणि त्याच्या पुढून वळत गेलेली तिची शीर. तिने त्या शिरेवर आपलंच बोट दाबलं, उचललं, परत दाबलं. खूप वेळ.

मग मला म्हणाली, तुझा धर. मी धरला. तिने मान वाकडी करून, डोळे बारीक करून माझा विंचू आकड्यांपासून शेवटपर्यंत बघितला. सिस्टरही वाकली.

"धाकले," ती म्हणाली, "लय वाकडी हाय गं तुझी नांगी."

मी बघितलं. खरंच वाकडी होती.